दुसऱ्या खांबातलं बाळ

नानी, तुझ्या दहाव्याला पिंड मांडला आणि सगळं गाव तुझ्याशी खोटं बोलायला लागलं.

जागा तुझ्या रोजच्यातली. इंद्रायणीचा काठ, डोक्यावर रेल्वेचा पूल आणि पुलाच्या सावलीत तुझी वड्याची टपरी, कुलूप घातलेली. आपल्याकडे कावळा शिवायचा तर भटजीऐवजी स्टेशनमास्तरला मुहूर्त विचारावा. एखादा कावळा धीर करून भातापर्यंत यायचा, तोच वरून मालगाडी धडधडत यायची आणि तो जो उडायचा तो थेट आंदर मावळात. दत्ता, तुझा एकुलता एक पोरगा, डोकं भादरून उघड्या अंगानं उभा. मग एकेक जण पुढं होऊन, हात जोडून तुला शब्द द्यायला लागला.

"नानी, दत्ताला काय बी होणार न्हाई, बिनघोर जा!"

"नानी, केस सुटली म्हणून समज!"

"वकील लय मोठा लावलाय, नानी. ये आता!"

कावळा ढिम्म. मला हसू फुटायला लागलं म्हणून मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, तर लोकांना वाटलं बापूला हुंदका आला. कुणीतरी पाठीवरून हातही फिरवला. नानी, तुझी इच्छा तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होती. दत्ता सुटावा ही ती इच्छा नव्हती. तुला कोर्टात उभं राहून सांगायचं होतं की त्या परमुलखातल्या माणसाचा डोळा माझ्या पोरानं फोडला. तारीख लागली होती. तू तारखेच्या आधीच, बटाटे उकडता उकडता, शेगडीपाशी कोसळलीस. आणि आता गाव तुझ्या पिंडाला उलटंच वचन देत होतं.

कावळा शेवटी आला. कुणाच्या शब्दानं नाही, दोन गाड्यांच्या मधे फट मिळाली आणि त्याला भूक लागली होती म्हणून. पण लोकांनी लगेच दत्ताला मिठ्या मारल्या. "बघ, आईनं कौल दिला!"

तुझ्या मयताला गर्दीही अशीच झाली होती, पुढारी गेल्यासारखी. तुला आवडली असती. पण खरं सांगू? त्यातली निम्मी माणसं खात्री करून घ्यायला आली होती.

आता तू म्हणशील, "बाप्या, सुरू झालं का तुजं पुराण?" झालं. तुझ्या थोरल्या दिराचा हा पोरगा दुसरं काय करणार? वराळ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, नटबोल्ट मोजतो आणि घरच्या लग्नकार्यात गोष्टी सांगतो. हल्ली जेवणाआधी माझ्या हाती माईक देत नाहीत, भात गार होतो म्हणतात. पण गोष्ट सांगायला शिकवलं तूच, आणि मारखाऊपणाही तुझ्याच हातचा.

तुझा हात! मारणं ही तुझी बोलीच होती. प्रेमानं मारायचीस, रागानं मारायचीस, निरोप म्हणून मारायचीस. बैल तुला बघून आपणहून गोठ्यात जायचे. काका रेल्वेत गँगमन होते, दिवसभर रुळावर हातोडा घेऊन फिरायचे. ते म्हणायचे, "मी दिवसभर रुळाला हाणतो आणि सांजच्याला ही रुळाच्या वतीनं मला हाणते." दारू पिऊन आले की तू लाटणं घ्यायचीस. दारू न पिता आले की पिऊन आल्यावर घ्यायचं लाटणं आधीच काढून ठेवायचीस. काका गेले तेव्हा तू रडली नाहीस, त्यांच्या हातोड्यानं अंगणातला पाटा फोडलास. मी लहान होतो. मला वाटलं, रडायची हीच रीत.

आणि त्या हाताचा मार खाऊन झाला की त्याच हातानं तू आम्हाला पुलाची गोष्ट सांगायचीस. मांडीवर बुक्की मारून मारून सांगायचीस, म्हणून ती माझ्या हाडात गेली. इंग्रजानं घाट फोडून रेल्वे आणली. इंद्रायणीवर खांब बांधायला घेतले. पहिला उभा राहिला, तिसरा उभा राहिला, पण दुसरा काही उभा राहीना. बांधला की नदी यायची आणि धोंडे घेऊन जायची. दगड फोडणारे दोन वडार पुरात गेले, मुकादमाचा पाय खांद्याएवढ्या शिळेखाली चेंगरला. मग मुकादमाच्या स्वप्नात नदी आली आणि म्हणाली, मला दूधपितं दे. आणि आपल्या घरातलं, आपल्या खापरपणज्याचं पाळण्यातलं बाळ रात्रीत नाहीसं झालं. सकाळी खांब उभा. तो आजतागायत उभा.

ही गोष्ट सांगताना तुझे डोळे चमकायचे. आणि गंमत बघ, वरच्या आळीतले म्हणायचे की बाळ त्यांच्या घरचं. कुणाच्या घरचं पोर जिवंत गाडलं, याचा मान मिळवायला दोन आळ्या भांडत होत्या! एका हळदीत यावरून पत्रावळी उडाल्या, मग पाट उडाले, आणि एका पाहुण्याचं नाक फुटलं. तो बिचारा शिरूरचा होता, त्याला तर पुलाचं नावही माहीत नव्हतं. पण दर आखाडात तू आपल्या भावकीतल्या बायका घेऊन दुसऱ्या खांबापाशी जायचीस, दिवा लावायचीस, नवं अंगडं-टोपडं ठेवायचीस. वरच्या आळीतल्या बायका आधी येऊन गेल्या असतील तर त्यांचं टोपडं नदीत भिरकावून द्यायचीस.

मी मोठा झालो आणि त्या गोष्टीत रडण्याचा आवाज घातला. पावसाळ्यात खांबाला कान लावला तर ऐकू येतो म्हणून. लोकांना फार आवडायचा. पुढच्या आखाडात तू मलाच सांगितलंस, "काल म्या ऐकलं, बाप्या, रडतंय." मला काही तुझं म्हणणं खोडून काढायचं धाडस झालं नाही. माझा कान तुझी थप्पड सोसेल एवढा भरभक्कम नव्हता.

मग पुलाचं काम निघालं.

जुने लोखंडी गर्डर काढून नवे चढवायचे, दगडी खांबांच्या भेगांत सिमेंट भरायचं, आणि हे सगळं करताना गाड्या बंद ठेवायच्या नाहीत. रात्री तेवढा दोन-चार तासांचा ब्लॉक. काय हाणामारी होती ती, नानी! गॅसनं जुन्या रिव्हेटांची डोकी कापायची, मग घणाखाली घालून त्यांना भोकातून हाकलायचं. लाल तापलेली डोकी नदीत पडायची आणि पाणी किंचाळायचं. एक गर्डर उतरवताना साखळी सुटली, तो खडकावर असा आपटला की तुझ्या मांडणीवरची पातेली एकामागोमाग जमिनीवर येऊन बसली, पंगतीला आल्यासारखी. तू टपरीतून बघत म्हणालीस, "म्हातारं हाड हाय. ठेचल्याबिगर बसायचं न्हाई."

त्यात ती झारखंडची टोळी आली. नदीकाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांचं काम म्हणजे खांब आणि गर्डर यांच्या मधे जॅक लावून अख्खा पूल केसभर उचलून धरायचा. त्यांच्यातच तो सुखदेव. काटकुळा, कमी बोलणारा, पण फोनवर मात्र ओरडणारा. त्या टोळीची स्वतःची एक भाषा होती. मोठ्या जॅकला ते म्हणायचे पहलवान. आणि बारक्या जॅकला म्हणायचे बच्चा.

हे आपल्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी तांदळाचं पोतं न्यायला आलो होतो आणि तुझ्या बाकड्यावर बसून वडा खात होतो. सुखदेव चहा घेता घेता फोनवर बोलत होता.

"हाँ, दो बच्चा कम पड़ रहा है. आज रात को पाये में डालना ही पड़ेगा. गाँव में देखता हूँ. नहीं मिला तो कामशेत से उठा लेंगे."

हे मीही ऐकलं. पण वडा खाताना मला हिंदी येत नाही. तुला आलं. तुझ्या हातातला गोळा पिठाच्या पातेल्यात पडला, तो मला अजून दिसतो. अंगणवाडी सुटायची वेळ होती आणि दत्ताची लेक तिथंच होती. तू टपरीतून बाहेर झेप घेतलीस आणि जे ओरडलीस ते नदीच्या पार ऐकू गेलं.

"पोरं धरणारं आल्यात! आगं पोरं घ्या आत! खांबात घालाया पोरं न्यायला आल्यात!"

आमच्या ऑफिसात मी कितीतरी वेळा म्हटलंय, गावाला एकत्र आणणं अवघड. साफ चूक. गाव इतक्या पटकन एकत्र आलं की मला हातातला वडा गिळायला वेळ मिळाला नाही. दोन्ही आळ्या आल्या. ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलणं नव्हतं ते खांद्याला खांदा लावून आले. पहिली थप्पड वरच्या आळीची, दुसरी लाथ आपल्या भावकीची. कुणीतरी सिमेंटचं रिकामं पोतं सुखदेवच्या डोक्यावरून खाली ओढलं. दत्ता खाचरातून धावत आला, हातात फावडं. पातं निसटून पडलं म्हणून, की त्यानं ते काढलं, मला माहीत नाही. पण दांडा त्याच्या हातात राहिला आणि त्यानं तो पोत्यावर हाणला. पुन्हा हाणला. पोतं लाल झालं.

मी काय केलं? मी पुढं होऊन म्हणालो, "अहो, कायदा हातात घेऊ नका." असलं शुद्ध मराठी त्या काठावर त्याआधी कुणी बोललं नसेल. कुणी वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात त्याचा एक जोडीदार काठावरून धडपडत आला. त्याच्या कवेत काळं, तेलकट, हातभर लांबीचं लोखंड होतं. ते त्यानं छातीशी धरलं होतं, तान्ह्याला धरावं तसं. आणि तो ऊर फुटेस्तोवर ओरडत होता, "ये है बच्चा! अरे यही है बच्चा! जैक है! लोहा है!"

सगळ्यात आधी तुला कळलं. गर्दीत बाकीच्यांना ऐकूच आलं नाही, किंवा आलं आणि हात थांबेनात. तू मागं पळालीस. मला वाटलं, घाबरून पळाली. तू कढईतला झारा उचललास. उकळतं तेल टपकतंय, असा झारा. आणि त्या गर्दीत शिरलीस ती थेट यमाच्या वहिनीसारखी! सरपंचाच्या भावाच्या मानेवर, दोन्ही आळ्यांच्या पाठींवर, जिथं मिळेल तिथं. "सोडा! सोडा त्येला, भाडखावांनो! म्या चुकले! म्या चुकले!" दत्ताच्या मनगटावर तू तो झारा असा दाबलास की दांडा आपोआप गळला. परतताना एक फटका माझ्या कानामागं बसला. मी गर्दीच्या बाहेर उभा होतो, नानी. मला मारायचं काहीच कारण नव्हतं. पण तू फरक केला नाहीस, आणि तेव्हापासून माझ्या कानामागं बटाटेवड्याचा डाग आहे. पोरं विचारतात तेव्हा सांगतो, दंगलीत जखमी झालो.

दवाखान्यात नेताना टेंपोत तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. मी समोर, पोत्यांवर. तुझ्या साडीचा पदर रक्तानं जड झाला होता आणि तू त्याला हलवत होतीस, "ए लेकरा. ए लेकरा, डोळं उघड." एक उघडला. दुसरा नव्हता.

पोलीस आले तेव्हा गावात कुणीच नव्हतं. म्हणजे होते सगळे, पण कुणीच तिथं नव्हतं. एक जण शेतात, एक जण सासुरवाडीला, एक जण तर म्हणे संडासात. एवढ्या पाठी भाजलेल्या, तरी सगळ्यांना सांडलेला चहा लागला होता. तू टपरीच्या फळीवर बसून सांगितलंस, "वरडले मी. आनि मारलं माज्या पोरानं. ल्ह्या." हवालदारानं पेन थांबवून तुझ्याकडं पाहिलं. "मावशी, नीट विचार करून सांगा." तू म्हणालीस, "इचार आदी कराया पायजेल व्हता. आता नुस्तं ल्ह्या." माझाही जबाब झाला, पण मला फक्त कानाचं विचारलं. कशानं भाजलं? झाऱ्यानं. झारा कुणाचा? चुलतीचा. अंगठ्याची गरज नाही, सही चालेल. माझ्या साक्षीत फक्त वडा होता.

दत्ता आत गेला, जामिनावर बाहेर आला आणि आल्या आल्या त्यानं तुझी कढई नदीत फेकली. "तू आई न्हाईस माजी. वैरीन हाईस." तू त्याच्या थोबाडीत मारलीस. त्यानं टपरीचा पत्रा लाथेनं आत घातला. सून लेकीला घेऊन माहेरी गेली. भिंत एक, चुली दोन. गावानं तुझ्या वड्यावर बहिष्कार टाकला, तर पुलावरची सगळी टोळी तुझ्याकडं यायला लागली. सुखदेव बरा होऊन आला तोही तिथंच बसायचा, डोळ्यावर पट्टी लावून. तुला अम्मा म्हणायचा. तू त्याला सुकद्या म्हणायचीस आणि त्यानं वडा उष्टा टाकला तर शिव्या घालायचीस. माफी मागितलीस का कधी? मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "डोळा का दातासारखा असतोय व्हय, पडला म्हनून दुसरा येईल? कसली माफी. कोर्टात बोलंन, ती माफी."

मग दुसऱ्या खांबाला यंत्रानं भोक पाडलं, सिमेंट भरायला. तू दिवसभर समोर धोंड्यावर बसून होतीस, जेवायलाही उठली नाहीस. आतून जो गोल दगडी तुकडा निघाला, तो सुखदेवच तुझ्यासाठी घेऊन आला. दगड, चुना, परत दगड. तू त्याच्यावरून बोट फिरवलंस, नखानं चुना खरवडलास, वास घेतलास.

"बस येवढंच?"

"पत्थर है, अम्मा. और क्या होगा?"

मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "मंग इतकी वर्सं म्या कुनाला टोपडं घालीत व्हते, बाप्या?" आणि तो तुकडा तू माझ्यावर फेकून मारलास. नेम चुकला. त्या दिवशी प्रथमच चुकला. "ह्या गोष्टीनं डोळा गेला त्येचा. आता तरी थोबाड बंद ठेव. कुनाला सांगू नको हे बाळाचं."

मी त्यानंतर ती कुणालाच सांगितली नाही. आज लिहितोय, ते तू गेलीस म्हणून. आता काय फेकून मारशील?

पण नानी, भांडण आपलं ते नव्हतंच. आपलं भांडण दत्तावरून. आठवतं ना, होळीला मी आलो होतो आणि मी पोळीचा घास हातात धरून तुला म्हणालो, "नानी, पोलिसांना सांगितलंस तेवढं पुरे. कोर्टात नको. पोटचं पोरगं आहे. त्याची लेक बापाविना वाढेल."

"सुकद्याला बी लेक हाय."

"दत्तानं एकट्यानं मारलं का? सगळ्या गावानं मारलं. ओरडलीस तू. गोष्ट सांगितली तू, सजवली मी. मग दांडा एकट्याच्या हातात कसा?"

"म्हनून तर! गाव कुनाला सापडंना, गाव कवाच सापडत न्हाई. माजं पोरगं मला सापडलं. जे सापडलं ते तरी द्यावं का न्हाई?"

"आणि आईपण?"

तू ताट सरकवलंस. "आईपन शिकवाया आलाय का? बापसुदा नीट झाला न्हाईस तू, पोरं तुझी मोबाईलात निजत्यात." मी रागावून उठलो. तू मागून ओरडलीस, "म्या मेले तर कोन सांगंल रं? तू सांगशील?"

मी म्हणालो, "तू कुठं मरतेस, नानी."

हे आपलं शेवटचं बोलणं. प्रश्न तुझा, आणि उत्तर म्हणून माझा एक स्वस्तातला विनोद. मला अजूनही वाटतं की तू सगळी बरोबर नव्हतीस. गोष्टीची शिक्षा गोष्ट सांगणाऱ्यांना व्हायला हवी, ती एकट्या दत्ताला का? हे मला तुझ्याशी भांडायचं होतं. नीट, ओरडून, दोन-चार लाटणी खाऊन. तू अर्ध्यावर उठून गेलीस, आणि उठून जायची सवय तर माझी.

तारखेला मी वडगावच्या कोर्टात गेलो. साक्षीदारांत माझं नाव होतंच, वड्यासाठी. व्हरांड्यात सगळं गाव खुशीत. वकिलानं सांगितलं होतं, म्हातारी गेली, आता तिच्या जबाबाला काही वजन नाही. डोक्यावर पोतं होतं, त्यामुळं मार खाणाऱ्यानं कुणाला पाहिलेलं नाही. दत्ता खांबाला टेकून उभा, डोक्यावर केस नुकते उगवायला लागलेले. माझ्याशी बोलला, किती दिवसांनी! "भाऊ, च्या घेतला का?"

पुलाचं काम संपल्यावर घरी झारखंडला गेलेला सुखदेव तारखेसाठी थोरल्या भावाबरोबर दूरच्या गाडीनं आला होता. मला ओळखून उठला, इकडंतिकडं पाहिलं.

"अम्मा नहीं आयीं?"

नानी, हे कुणी त्याला कळवलंच नव्हतं. मी कळवायला हवं होतं म्हण. मी हिंदीत वाक्य जुळवायला लागलो, अम्मा का देहांत, अम्मा अब, आणि ते काही जुळेना. शेवटी मी हातानंच वर दाखवलं. तो खाली पायरीवर बसला. त्यानं शर्टाची बाही तोंडात धरली आणि तो त्या बाहीत ओरडला. आवाज नाही, नुसती मान ताठ आणि शिरा वर. पुलाखाली गर्डर आपटला तेव्हाही माझ्या छातीत एवढा धक्का बसला नव्हता.

मला आत बोलावलं. शपथ झाली. सरकारी वकिलांनी कानाचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "त्या वेळी फिर्यादीला कोण मारत होतं, आपण पाहिलं का?" आयुष्यभर मी एका वाक्यात कधी काही सांगितलेलं नाही. तोंड उघडलं की आधी इंग्रज यायचा, मग घाट, मग पूर. त्या दिवशी काही आलं नाही.

"दत्ता. माझा चुलतभाऊ. फावड्याच्या दांड्यानं."

मागं बाकं सरकली. दत्ताचा वकील उठून बरंच बोलला, जमिनीचा वाद आहे का, मत्सर आहे का, कुणी पढवून पाठवलंय का. मी म्हणालो, पढवणारी गेली.

बाहेर आलो तर दत्ता समोर. तुझाच हात, नानी, तोच वळसा, खांद्यापासून. मी भिंतीवर गेलो, तोंडात रक्ताची चव, चष्मा कुठंतरी उडाला. दुसरा बसणार तोच दोन शिपायांनी त्याला मागून धरलं. तो शिव्या देत होता, थुंकत होता, "आईला खाल्लं, आता मला खा!" सगळं गाव भोवती गोळा. या वेळी सगळे तिथं होते.

चष्मा सुखदेवनं उचलला. एक काच गेली होती. त्यानं तो शर्टाला पुसला, माझ्या हातात दिला आणि अगदी साध्या आवाजात, एका गिऱ्हाइकानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "भारी हाथ है उसका. मालूम है मुझे."

मला हसू आलं. ओठ फाटलेला, तरी आलं. आणि त्या हसण्यानं असेल, शिव्या देता देता दत्तानं मान वळवली आणि त्याच्याकडं पाहिलं. त्या दिवशी त्यानं पोत्यावर मारलं होतं. जामिनानंतर टोळीच्या वाटेलाही तो गेला नव्हता. हे तोंड त्यानं कधी बघितलंच नव्हतं. शिवलेली पापणी, आत गेलेली खोबण, गालापर्यंत उतरलेला व्रण. तो बघत राहिला. शिपायांच्या हातातलं त्याचं अंग सैल पडलं, इतकं की त्यांनाच त्याला सावरावं लागलं.

निकाल अजून लागायचा आहे, नानी. काय लागेल, सांगता येत नाही. दत्ता माझ्याशी बोलत नाही, भावकीनं मला कार्याची निमंत्रणं देणं बंद केलंय, आणि आपलं भांडण मिटलेलं नाही. पण त्या व्हरांड्यात एवढं झालं, ते तुला सांगायचं होतं. शिपाई त्याला न्यायला लागले तेव्हा दत्ता दोन पावलं जाऊन थांबला. त्याला हिंदी येत नाही, तुला माहीत आहे.

"दुसऱ्यानं दिसतंय ना?" त्यानं विचारलं.

सुखदेव त्याच्याकडं बघत होता. "दिखता है," तो म्हणाला.